पडदा किती लांब हवा? आधी रॉड ठरवा

पडद्यांचं माप घ्यायचं म्हटलं की सगळे टेप घेऊन थेट खिडकीच्या चौकटीला भिडतात. पण पडदा चौकटीला कुठे टांगायचाय, तो टांगायचाय रॉडला, त्यामुळे रॉड कुठे बसणार हे पक्कं होईपर्यंत टेप काढायचीच नाही. साधारण चौकटीच्या 4 ते 6 इंच वर आणि दोन्ही बाजूंना 6-8 इंच बाहेर रॉड घेतला की खिडकी आहे त्यापेक्षा मोठी वाटते आणि पडदे सरकवल्यावर काचही अडत नाही.

आता लांबी. माझं स्पष्ट मत, पडदा एकतर खिडकीच्या कट्ट्यापर्यंत ठेवा नाहीतर सरळ फरशीपर्यंत जाऊ द्या, मध्येच गुडघ्याएवढ्या उंचीवर लटकणारा पडदा म्हणजे धुवून आटलेली पँट! कट्टा भिंतीच्या बाहेर आलेला असेल तर त्याच्या अर्धा इंच वर थांबायचं, नसेल तर 4-6 इंच खाली जाऊ द्या, म्हणजे खालून उजेडाची फट राहत नाही. फरशीपर्यंतचा असेल तर अर्धा इंच वर. जमिनीवर लोळणारे पडदे फोटोत झकास दिसतात मान्य, पण झाडू मारताना रोज उचलायचे कोणी? घरात मांजर असेल तर विचारूच नका.

आणि हो, फरशी सपाट असते हा गैरसमज आहे. डावीकडे, मधे, उजवीकडे असं तीन ठिकाणी मोजा आणि फरशीपर्यंतच्या पडद्याला त्यातलं सगळ्यात कमी माप धरा. टेप स्टीलचीच घ्या, कापडी टेप ताणली जाते.

माप कुठून धरायचं यातही गोंधळ होतो. आयलेटचा, म्हणजे वरच्या कडेच्या गोल भोकांतून रॉड ओवायचा पडदा रॉडच्या वर इंच-दीड इंच उभा राहतो, तेवढं कापड जास्त लागतं. रिंगा-हुकवाला मात्र रॉडच्या खाली लटकतो, मग रिंगेच्या खालच्या टोकापासून मोजायचं. रेडीमेड घेताना पाकिटावरची लांबी बहुतेक वेळा वरच्या कडेपासूनची असते, तरी एकदा विचारून घ्या.

सुती किंवा लिनन शिवून घेणार असाल तर कापड आधी धुवा, कारण पहिल्या धुण्यात 3 टक्के जरी आटलं तरी 84 इंचांच्या पडद्याला अडीच इंचांचा फटका बसतो, आणि मग अर्ध्या इंचाचा सगळा हिशोब गेला. खालची दुमड 4 इंचांची ठेवा, पडद्याला वजन येतं, नीट पडतो, आणि पुढे कधी लांबी वाढवायची झाली तर कापड हाताशी असतं. जाड कापड स्वतःच्या वजनाने थोडं खाली येतं म्हणून आधी कच्चा टाका घालून दोन-चार दिवस टांगून ठेवा, पक्की शिलाई त्यानंतर.

खिडकीखाली टेबल, हीटर किंवा ओटा असेल तर एवढा विचार करूच नका, कट्ट्यापर्यंतचाच घ्या.