लाल माइक

माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाला अजून ‘क’ आणि ‘फ’ यांतला फरक कळत नाही. पण लॅपटॉपच्या पडद्यावरचा माइक लाल झाला की आता बोललेले चालते, हे मात्र त्याला पक्के ठाऊक आहे. मीटिंग चालू असली की तो दारात येऊन उभा राहतो, माझ्या चेहऱ्याकडे न बघता थेट पडद्याच्या कडेकडे पाहतो, आणि माइकवरची तिरकी रेघ दिसली की निर्धास्तपणे सांगतो, “आई, शी झाली.”

मूल सांभाळत घरून काम करणे ही काही आमच्या पिढीने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. माझे माहेर सोलापूरचे. तिथे पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळत बसलेल्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. मांडीवर सूप, त्यात भिजवून कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, आणि शेजारी चटईवर लोळणारे पोर. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्यामुळे पोराला पाजण्यात गेलेला वेळ कुणी भरून देत नसे. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही १९६६च्या कायद्याने कामगार म्हटले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. माझ्यासाठी होती ती बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेली दुरुस्ती : २६ आठवड्यांची पगारी रजा, आणि त्यानंतर कामाचे स्वरूप तसे असेल व मालकाशी जमले, तर घरून काम. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवे, असेही त्यात होते. पण मूल आणि मी दोघेही घरीच असल्यावर त्या पाळणाघराचा आम्हाला काय उपयोग?

तंबाखूच्या धुरळ्यात वाढणाऱ्या त्या पोरांचा हेवा करावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. तरीही एक फरक मनातून जात नाही. त्या बाईचे हात गुंतलेले असत, पण तोंड आणि कान तिचे स्वतःचे होते. पोराला दटावत, शेजारणीशी बोलत, मध्येच एखादे गाणे गुणगुणत तिच्या विड्या वळून होत. माझे हात बराच वेळ रिकामे असतात, मुलाचे नाक पुसायला, केळे सोलून द्यायला ते मोकळे असतात. तोंड आणि कान मात्र ऑफिसचे.

परवा मीटिंगमध्ये तो मला अंगणातल्या मांजरीच्या पिल्लांविषयी सांगत होता. तीन पिल्ले सांगून झाली होती, चौथ्याचा रंग सांगायचा राहिला होता, तेवढ्यात माझे नाव पुकारले गेले आणि मी घाईने माइक सुरू केला. लाल रंग गेलेला पाहताच त्याने स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. मी चार-पाच मिनिटे आकडे सांगत होते. बोलणे संपवून वळून पाहिले, तर हात तसाच, गाल फुगलेले, आणि डोळे त्या माइकवर.