स्कूल बसचे जादा दिवे: कोणते लावावेत, कसे जोडावेत

अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूल बसला दिव्यांची कमतरता नाही. बहुतेक बसना छताजवळ पुढे चार आणि मागे चार असे आठ इशारादिवे असतात. बाहेरच्या बाजूला लाल, त्यांच्या आत अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी. ते मिनिटाला 60 ते 120 वेळा आळीपाळीने लुकलुकतात. अंबर दिवे चालक स्वतः लावतो. दार उघडलं की अंबर विझतात, लाल सुरू होतात आणि डाव्या कुशीतली अष्टकोनी स्टॉपची पाटी बाहेर येते. लाल दिवे लागले की बाकीच्या गाड्यांनी थांबायचं असतं, पण एवढं असूनही त्या थांबत नाहीत. 2019 मध्ये 39 राज्यांतल्या सुमारे 1,31,000 चालकांनी एका दिवसाची मोजणी केली, तेव्हा थांबलेल्या बसला नियम मोडून ओलांडणाऱ्या गाड्या 95,000 च्या वर भरल्या.

मग आणखी दिवे लावून काय होणार? दिवा कोणत्या अडचणीवर लावतोय हे ठरवलं नसेल, तर काहीच नाही.

30 ऑक्टोबर 2018 ला इंडियानातल्या रोचेस्टरजवळ तीन सख्खी भावंडं रस्ता ओलांडताना पिकअप ट्रकखाली गेली, चौथं मूल गंभीर जखमी झालं. बसचे लाल दिवे चालू होते, स्टॉपची पाटी बाहेर होती. ट्रकच्या चालक बाईंना दिवे दिसले होते, पण ही स्कूल बस आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. वेळ सकाळी सव्वासातची. इंडियानाचा हा भाग पूर्व प्रमाणवेळेच्या पार पश्चिम टोकाला आहे आणि ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरात घड्याळं मागे जाईपर्यंत, तिथे सूर्य आठनंतरच उगवतो. त्यामुळे ऑक्टोबरअखेरच्या सकाळी मुलं मिट्ट काळोखात उभी असतात.

काळोखात बसचा पिवळा रंग आणि आकार दोन्ही नाहीसे होतात, उरतात ते हवेत लटकलेले लुकलुकते ठिपके. टो ट्रक, रस्तादुरुस्तीची गाडी, शेतातलं यंत्र, सगळेच लुकलुकतात. ‘स्कूल बस’ ही पाटी परावर्तक कागदाची असते, पण ती छताजवळ, नऊ-दहा फुटांवर. समोरच्या गाडीचा लो बीम खाली आणि उजवीकडे झुकलेला असतो, त्यामुळे पाटीवर पुरेसा प्रकाश पोचतच नाही. शिवाय समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर बसचेच हेडलाइट येतात.

म्हणून जादा दिव्यांत माझी पहिली पसंती आतून उजळणाऱ्या नावाच्या पाटीला आहे, पुढे एक आणि मागे एक. ती लुकलुकत नाही, फक्त ‘ही स्कूल बस आहे’ एवढं सांगते. छतावरचा पांढरा स्ट्रोब, म्हणजे क्षणभर झगझगीत चमकणारा दिवा, धुक्यात आणि चढावापलीकडून उपयोगी पडतो, पण तोही शेवटी आणखी एक अनोळखी ठिपकाच. वाहनांच्या दिव्यांसाठीच्या केंद्रीय प्रमाणक 108 चा नियम इथे आडवा येतो आणि तो रास्त आहे: जादा दिव्यामुळे सक्तीच्या दिव्यांचा परिणाम कमी होता कामा नये. लाल दिव्याला खेटून प्रखर पांढरी पट्टी लावली की लाल फिका पडतो. शिवाय राज्याराज्याचे नियम वेगळे, त्यामुळे भोक पाडण्याआधी राज्याच्या तपासणी खात्याकडून लेखी होकार घ्या.

पाटी जोडताना घोटाळा होतो तो वायरिंगमध्ये. नव्या बसमध्ये दिवे संगणकीय मॉड्यूल चालवतं. त्याच्या वायरीला चिमटा-जोड (वायरीवर चिमटून बसवायचा जोड) लावून परस्पर वीज घेतली, तर मॉड्यूल त्याला बिघाड समजू शकतं, आणि वायरीची तार कापली जाऊन दोन हिवाळ्यांत तिथे गंज चढतो. बसबांधणी कंपनीने जादा उपकरणांसाठी राखून ठेवलेल्या टर्मिनलवरूनच वीज घ्या, वेगळा फ्यूज घाला आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) डायोडवाला वापरा. पाटी हेडलाइट किंवा मार्कर दिव्यांच्या (बसच्या कडा दाखवणाऱ्या छोट्या दिव्यांच्या) सर्किटवर असावी, लाल दिव्यांच्या नव्हे. बस थांबण्याआधीच ती ओळखू यायला हवी.

ग्राउंडची वायर, म्हणजे बसच्या धातूच्या सांगाड्याला जोडायची परतीची वायर, जवळच्या कुठल्याही स्क्रूला बांधू नका. रंग खरवडून नेमून दिलेल्या बोल्टवर घ्या, वर ओलावा अडवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. दिवे मंद होणं किंवा एक लावला की दुसरा मिणमिणणं, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा ग्राउंडमध्येच सापडतं. छताच्या टोपीत भोक पाडलं तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) आणि सीलंट दोन्ही हवेत. वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

जुने बल्ब काढून एलईडी लावताना फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारा भाग, बदलायचा राहून जातो. उष्णतेवर चालणाऱ्या जुन्या फ्लॅशरला एलईडीचा भार पुरत नाही, मग दिवे नुसतेच पेटून राहतात किंवा भलत्याच वेगाने लुकलुकतात. बर्फाळ राज्यांत आणखी एक अडचण येते. जुना बल्ब तापून काचेवरचा बर्फ वितळवायचा, एलईडीची काच थंडच राहते. बसमागे उडणारा भुसभुशीत बर्फ मागच्या दिव्यांवर थापून बसतो. दिव्यावर छज्जा लावा, किंवा तापणारी काच घ्या. तरीही चालकाने फेरीआधी हाताने बर्फ झाडायलाच हवा.

दाराजवळ आणि बसच्या कुशीला जमिनीवर पडणारे पांढरे दिवेही चांगले. पायरीजवळ वाकलेलं मूल चालकाला आरशात दिसतं. हे दिवे लाल दिव्यांबरोबर लागावेत आणि त्यांचा झोत खाली असावा, आरशात चमकला तर उलट नुकसान. मागे डाव्या बाजूला दुसरी स्टॉपची पाटी बसवता येते, मात्र स्कूल बसच्या स्टॉपपाटीसाठीच्या केंद्रीय प्रमाणक 131 नुसार तिच्या पुढच्या तोंडावर अक्षरं किंवा चिन्ह चालत नाही.

आता अंतराचं गणित. ताशी 55 मैलांच्या रस्त्याची आखणी करताना अभियंते थांबायला 495 फूट धरतात, 30 मैलांना 200. कॅलिफोर्नियात अंबर दिवे थांब्याच्या 200 फूट आधी लावायचा नियम आहे. गल्लीत ते पुरतं. महामार्गावर 55 ने धावणारी बस 200 फुटांत थांबवायची म्हणजे करकचून ब्रेक, आणि अंबर जेमतेम पाच सेकंद. राज्याचा नियम मुभा देत असेल तर वेगवान रस्त्यावर ते अंतर वाढवायला हवं. मात्र फार लवकर लावले तर लोक ‘लाल व्हायच्या आत निघू’ म्हणून वेग वाढवतात.

वळणामागे किंवा चढापलीकडे थांबा असेल तर बसवरच्या दिव्यांवर विसंबून चालत नाही. तिथे रस्त्याकडेला ‘पुढे स्कूल बस थांबा’ ही पाटी आणि तिच्यावर लुकलुकता दिवा हवा, तोही फक्त बसच्या वेळेत. दिवसभर लुकलुकणाऱ्या दिव्याकडे आठवड्याभरात कोणी बघेनासं होतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे फेरीचा मार्ग बदलून मुलांना घराच्याच बाजूला उतरवणं. अशा रस्त्यावर नवे दिवे मागण्याआधी पालकांनी शाळा मंडळाकडे हे मागावं.

न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क दोन्हीकडे गाडी चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी एक फरक लक्षात ठेवावा. मध्ये दुभाजक असेल तर न्यू जर्सीत पलीकडच्या गाड्यांनी वेग ताशी 10 मैलांवर आणला तरी चालतं. न्यू यॉर्कमध्ये दुभाजक असला तरी थांबावंच लागतं.

नवं काम झाल्यावर तपासणी अंधारातच करा. एकाने बसमध्ये बसायचं, दुसऱ्याने बसच्या मागे 500 फुटांवर लो बीम लावून गाडीत. अंबर लावा, दार उघडा, दार बंद करा. प्रत्येक पायरीला काय दिसलं ते फोनवर बोलून घ्या. पाटी वाचता आली का आणि लाल दिवे तिच्यापेक्षा उठून दिसले का, दोन्ही लिहून ठेवा. मग हेच पुढून करा, बसचे हेडलाइट चालू ठेवून.