जोकरवर लिहिलेली चौकट सत्ती

मे महिन्यातली दुपार. आमरसाची जेवणं आटपलेली, ताटं मोरीत तशीच, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणीतरी म्हणतं, "पत्ते काढा रे," आणि टीव्हीखालच्या खणातून कॅट निघतो. खोका फाटून जमाना झाला, म्हणून रबर लावलेलं. सतरंजी पसरली जाते. पान उडू नये म्हणून पंखा पाचवरून दोनवर येतो, त्यावर एकदोघं कुरकुरतात. वाटणी होते आणि शेवटच्या भिडूच्या हातात बाराच पानं येतात.

"तू वाटताना चुकलास."

"मी नाही चुकलो. तुझ्या मांडीखाली बघ."

मांडीखाली काही नसतं. पानं गोळा होतात आणि चार रांगा लावून मोजणी सुरू होते. इस्पिक तेरा, किलवर तेरा, बदाम तेरा, चौकट... छक्कीच्या पुढे एकदम अठ्ठी. मग आत्याला आठवतं, "अगं बाई, त्यात तो जोकर घ्यायचा असतो ना!" खणाच्या तळाशी चिकटलेला जोकर निघतो. घंटावाली टोपी घालून तो हसतोय आणि त्याच्या पोटावर निळ्या बॉलपेनने लिहिलंय, 'चौकट ७'.

हा जोकर नाही असं घर सापडणं कठीण. बावन्न पानांचा कॅट बावन्नच राहिला तर तो खेळातला नव्हे, शोकेसमधला. पान हरवायच्या जागाही ठरलेल्या: सतरंजीची घडी, सोफ्याची फट, कपाटाखालचा अंधार आणि सर्वांत हमखास म्हणजे कुणाच्या तरी अर्धवट वाचलेल्या पुस्तकात खूण म्हणून. त्यातलं पुस्तक सगळ्यात घातक. ते लायब्ररीचं असलं तर पान गावाला जातं.

जोकरवर पान लिहायचीही एक पद्धत आहे, आणि नव्वद टक्के घरांत ती चुकते. मधोमध मोठ्या अक्षरांत लिहितात. पण हातात तेरा पानं पंख्यासारखी धरली की दिसतो तो फक्त कोपरा. बाकी सगळं पुढच्या पानाच्या मागे दडतं. मग ज्याच्याकडे जोकर असतो तो चौकटीची उतारी झाली तरी "माझ्याकडे चौकट नाही" म्हणून हुकूम मारून मोकळा होतो, आणि तीन हात झाल्यावर ती सत्ती वर येते. पुढचं भांडण सगळ्यांना पाठ असतं. तेव्हा लिहायचं ते कोपऱ्यात, आणि एका नाही, चारही कोपऱ्यांत, कारण डावखुरा माणूस पानं उलट्या बाजूला उलगडतो. अक्षर नको, आकडा आणि खाली चिन्ह. चौकट-बदाम असेल तर लाल पेनानेच. निळ्या शाईतली चौकट हातात इस्पिक-किलवरच्या शेजारी लावली जाते, आणि डोळ्याला पुन्हा पुन्हा फसवते. प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या पानावर बॉलपेन उठत नाही. दुसऱ्याच दिवशी घामाच्या अंगठ्याने निम्मी सत्ती पुसली जाते. तिथे सीडीवर लिहायचा मार्कर हवा, आणि लिहून झाल्यावर दोन मिनिटं वाळू द्यायचा, नाहीतर सत्तीचा ठसा शेजारच्या राणीच्या पाठीवर उमटतो आणि एका खुणेच्या पानाची दोन होतात.

एवढं सगळं नीट केलं तरी खरी अडचण पुढून नाही, पाठीमागून आहे. जोकर वर्षानुवर्षं खोक्यात बसून असतो. बाकीची एक्कावन्न पानं हातांनी मळलेली, कडांनी फुललेली, चहाच्या एखाद्या थेंबाने पिवळी पडलेली, आणि त्यांत हा एकटा पांढराशुभ्र. लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या मित्राचा सूट दिसावा तसा तो चार हातांवरून ओळखू येतो. चौकट सत्ती कुणाकडे आहे हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असतं, आणि प्रत्येक जण ते माहीत नसल्याचा चेहरा करतो.

याने काय बिघडतं ते डावावर अवलंबून.

मेंढीकोटात सत्ती हे अगदी गरीब पान. सगळं युद्ध चार दश्श्यांचं, म्हणजे मेंढ्यांचं. तीन मेंढ्या ज्याच्या, डाव त्याचा. दोन-दोन झाल्या तर सात हात ज्याचे तो जिंकला. चारही मिळाल्या की मेंढीकोट. चौकट सत्ती कुणाकडे आहे हे कळून कुणाचं काही वाकडं होत नाही. पण हरवलेलं पान दश्शी असेल आणि तिच्या जागी पांढरा जोकर असेल, तर खेळूच नका. मेंढी पांढऱ्या पाठीची आहे म्हटल्यावर समोरचा एक्का-राजा दाबून तिची वाट बघत बसतो. त्यावर तोड आहे: दश्शीचा मान जोकरला देऊ नये. त्याच चिन्हाच्या दुर्रीला दश्शी म्हणावं आणि जोकरला दुर्री. दुर्रीची पाठ इतरांसारखीच मळकी असते. फक्त हे वाटायच्या आधी मोठ्याने सांगायचं, नंतर नाही. नंतर सांगितलं की त्याला रडीचा डाव म्हणतात.

काही घरांत उरलेल्या तिन्ही सत्त्याच काढून टाकतात. अठ्ठेचाळीस पानं, प्रत्येकी बारा, वाटणी सरळ. ऐकायला सोयीचं, पण मेंढीकोटात यामुळे घोळ होतो. तेरा हात विषम असतात म्हणून मेंढ्या दोन-दोन झाल्या तरी निकाल लागतो. बारा हात झाले की सहा-सहा होऊ शकतात, आणि मग निकाल आवाजावर लागतो. ज्याचा मोठा, त्याचा डाव.

बदाम सातात मात्र सत्ती म्हणजे दरवाजा. चौकट सत्ती पडल्याशिवाय चौकटीचं एकही पान जमिनीवर उतरत नाही. ती दाबून धरणं हाच या खेळातला आनंद, विशेषतः घरातल्या सर्वांत गोड बोलणाऱ्या माणसाचा. "माझ्याकडे नाही गं" म्हणत आजी सहा फेऱ्या पास देते, कारण तिच्या हातात चौकटीचं दुसरं काहीच नसतं आणि इतरांची गळचेपी तिला स्वच्छ दिसत असते. पाठ पांढरी असली की ही मजा संपते. उघड्या पडलेल्या आजीला निमूट सत्ती टाकावी लागते. बदाम सातात कुठलं पान हरवलं यावर नुकसान ठरतं. राजा किंवा एक्का गेला तर टोक गेलं, कुणाचं काही अडत नाही. छक्की गेली तर तिच्या खालची पंजी, चौकी, तिर्री, दुर्री, एक्का अशी पाचही पानं कायमची अडकतात. तिथे जोकर हवाच.

पाच-तीन-दोनला मात्र चौकट सत्तीचं सोयरसुतक नाही. तीन भिडू, प्रत्येकी दहा, म्हणजे तीस पानं. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारही चिन्हांची अठ्ठावीस आणि वर इस्पिक आणि बदाम या दोनच सत्त्या. चौकट-किलवरच्या सत्त्या तशाही खोक्यातच असतात. एखाद्या कॅटातून दुर्र्या-तिर्र्या कितीही गेल्या, तरी या खेळासाठी तो नवाच. गुलामचोराची तऱ्हा त्याहून न्यारी: त्यात एक गुलाम मुद्दाम काढून ठेवायचा असतो. तेव्हा हरवलेलं पान गुलाम असेल तर देवाने आधीच सोय केली म्हणायचं. आणि तिघंच असतील आणि झब्बू खेळायचा असेल, तर एक्कावन्न पानं उत्तम. प्रत्येकाला सतरा, उरत काही नाही. बावन्नात एक उरायचं, आणि ते कुणी घ्यायचं यावर पहिली ठिणगी पडायची. झब्बूत फक्त एवढं लक्षात ठेवायचं की चौकट बाराच आहेत. जो माणूस पडलेली पानं मोजत खेळतो तो नेमका इथे फसतो.

रबराबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. पत्त्यांना रबर लावणं बंद करा. दोन्ही टोकांच्या पानांच्या कडेला ते खाच पाडतं, आणि त्या खाचेमुळे आणखी दोन पानं बोटाला ओळखू येऊ लागतात. उन्हाळ्यात रबर वितळून चिकटतं ते वेगळंच. जुन्या परकराची नाडी सैल बांधावी, नाहीतर चष्म्याचं मऊ पाऊच वापरावं. कोकणातल्या दमट हवेत पानं एकमेकांना धरून बसतात. तेव्हा कोरड्या फडक्यावर चिमूटभर टाल्कम पावडर घेऊन एकेक पान पुसायचं. चिमूटभरच. मूठभर घेतली की कॅट साबणासारखा हातातून निसटतो. ओलं फडकं कागदी पानांना कधीच लावू नये.

आणि पिसणं. हरलेल्याने पिसायचं हा रिवाज आहे, आणि हरलेला माणूस चिडून चार फटके मारून मोकळा होतो. पत्ता वाकवून, दोन गठ्ठे एकमेकांत फर्रकन सोडून पिसलं तर साधारण सात वेळा पिसावं लागतं, असं १९९२ साली डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं. आपल्याकडे तसं पिसायला गेलं की "कडा वाकतील" म्हणून कॅट काढून घेतात. आपली पद्धत या हातातला गठ्ठा त्या हातात थोडाथोडा सोडायची, आणि तिला याच्या कितीतरी पट फेरे लागतात. त्यात मेंढीकोटात झालेले हात चार-चार पानांच्या ढिगात उचललेले असतात, आणि बहुतेक ढिगांत एकाच चिन्हाची पानं. वाटणी पाच-चार-चार. म्हणजे नीट न पिसलेला अख्खा हात जसाच्या तसा एकाच माणसाच्या ओंजळीत जातो, आणि त्याला सहा इस्पिक आली की आपण त्याच्या नशिबाला बोल लावतो. लहान मुलांच्या हातात कॅट मावत नसेल तर पालथी पानं सतरंजीवर पसरून दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल गोल कालवायला द्यावीत. सगळ्यांत चांगलं पिसणं ते, आणि लिंबूटिंबूला कामही मिळतं.

लिंबूटिंबू कंटाळला की पत्त्यांचा बंगला. त्याला मळलेला कॅटच हवा. नव्या गुळगुळीत पानांचे पाय सरकतात. खाली फरशी नको, सतरंजी हवी. दोन पानांच्या पायांत दोन-तीन बोटांचं अंतर ठेवायचं, जास्त फाकवलं की तंबू बसतो. तीन मजल्यांना पंधरा पानं लागतात, चार मजल्यांना सव्वीस, पाचला चाळीस. सहावा मजला उभा करायचा हट्ट प्रत्येक पोर धरतं, पण त्याला सत्तावन्न पानं लागतात. दोन्ही जोकर धरूनही कॅटात चोपन्नच. पाचव्या मजल्यावर थांबायचं किंवा शेजारून तीन पानं मागून आणायची. पंखा दोनवरून शून्यावर येतो तो याच वेळी, आणि ज्यांना झोप हवी होती ते नेमके तेव्हा उठून बसतात.

पान हरवलं की हेवा वाटतो तो सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा, म्हणजे तिथल्या पारंपरिक पत्त्यांचा. एकशेवीस गोल पानं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा. तिघांनी चाळीस-चाळीस घेऊन खेळायचं, दिवसा रामाची उतारी आणि रात्री कृष्णाची. पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी, पुढच्या पाचांत एक्का मोठा. एवढं डोक्यात ठेवणाऱ्यांना मेंढीकोट पोरखेळ वाटत असणार. पण पानं हाताने रंगवलेली, पाठ एकरंगी. एक हरवलं तर चिताऱ्याकडून रंगवून घेता येतं. आपल्या खणातल्या कॅटाला ती सोय नाही. त्याचं एक पान विकत मिळत नाही, घ्यायचा तर आख्खा घ्यावा लागतो. आणि नवा कॅट आणला तरी जुना कुणी टाकत नाही. दोन्ही एकत्र होतात, पाठी वेगळ्या, आणि रम्मीपुरते बरे असतात.

दिवाळीच्या साफसफाईत कपाट पुढे ओढलं की धुळीच्या गोळ्यांत एक पान पालथं पडलेलं दिसतं. उलटून बघावं तर चौकट सत्ती. चार वर्षं अंधारात होती, पण वरची धूळ फडक्याने झटकली की पाठ कोरी करकरीत. आणि या चार वर्षांत जोकर बाकीच्यांइतकाच मळलाय, कडा फुलल्यात, कोपऱ्यावर आमरसाचा डागसुद्धा आहे. आता कॅटात ओळखू येईल ती खरी सत्तीच.

थोडा वेळ चर्चा होते. मग आजी सत्ती उचलून पोथीत खूण म्हणून ठेवते आणि म्हणते, "जोकरच राहू दे. वाटा."