विल्सन, कॅन्सस: एक्झिट २०६ वरचं झेक गाव

कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला गाडीने जाणारे बरेच जण अमेरिकेतलं कॅन्सस राज्य एका दमात पार करतात आणि पोहोचल्यावर सांगतात, 'वाटेत काहीच नाही.' आय-७० महामार्गावरून तसंच दिसतं. बघायचं ते महामार्ग सोडून दहा-वीस मैल आत गेल्यावर सापडतं, आणि त्याची सगळ्यात सोपी सुरुवात विल्सनपासून होते.

कॅन्ससमधले एक्झिटचे आकडे कोलोरॅडोच्या सीमेपासूनचे मैल असतात. म्हणजे विल्सनचा एक्झिट २०६ हा सीमेपासून २०६ मैलांवर. पूर्वेला सलाइना सुमारे ४५ मैल, पश्चिमेला हेज साधारण तेवढंच. कॅन्सस सिटीहून सव्वातीन तास धरा, डेन्व्हरहून साडेपाच. डेन्व्हरकडून येणाऱ्यांचा वाटेत एक तास जातो, कारण विल्सन सेंट्रल टाइममध्ये, म्हणजे डेन्व्हरच्या एक तास पुढे आहे. 'सातपर्यंत जेवायला पोहोचू' म्हणणारे आठला पोहोचतात, आणि एवढ्याशा गावात तोवर स्वयंपाकघर आवरायला घेतलेलं असतं. पेट्रोल सलाइनात किंवा हेजमध्ये भरून घ्या.

२०२० च्या जनगणनेत गावाची वस्ती ८५९. हा आकडा लक्षात ठेवूनच बेत आखा. दुकानं, संग्रहालय, खानावळ यांच्या वेळा चालवणाऱ्यांच्या सोयीने ठरतात. रविवार-सोमवारी गेलात तर बंद दारं बघून परत याल. मंगळवार ते शनिवार जा, आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. नेटवर दिसणाऱ्या वेळा अनेकदा जुन्या असतात. हॉटेललाही हेच लागू. रुळांजवळची तीनमजली दगडी मिडलँड हॉटेलची इमारत १८९९ ची. तिथे खोली मिळत असेल तर जरूर राहा, पण झोप सावध असेल तर रुळांच्या बाजूची खोली घेऊ नका. मालगाडी फाटकाआधी शिटी वाजवतेच, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

गाव या रुळांमुळेच वसलं. पुढे कॅन्सस पॅसिफिक म्हटली गेलेली रेल्वे १८६७ मध्ये या भागातून सरकली आणि कंपनीला सरकारकडून मिळालेली जमीन विकायला माणसं हवी होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर मिळत होते. १८७० च्या दशकात बोहेमियातली, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकाच्या एका भागातली कुटुंबं इथे येऊ लागली. जुन्या पाट्यांवर आणि कागदांवर 'झेक' ऐवजी 'बोहेमियन' दिसलं तर गोंधळू नका. चेकोस्लोव्हाकिया हा देशच १९१८ चा, त्याआधी हे लोक इंग्रजीत बोहेमियनच होते. गावातलं कॅथलिक चर्च सेंट वेन्सेस्लॉसच्या नावाचं, म्हणजे झेक लोकांच्या पालक संताचं. पण आलेल्यांत चर्च न मानणारे मुक्तविचारवादीही पुष्कळ होते, म्हणून अशा वस्त्यांमध्ये चर्चइतकंच महत्त्व सभागृहाला: नाटक, नाच, सभा सगळं तिथे. दफनभूमीत जुन्या दगडांवर झेक मजकूर शोधा. 'ज़्दे ओद्पोचीवा' म्हणजे 'येथे विश्रांती घेत आहे', 'नारोझेन' म्हणजे जन्म, 'झेम्रशेल' म्हणजे मृत्यू. बाईचं नाव असेल तर या शब्दाच्या शेवटी 'आ' लागतो, 'नारोझेना'.

सगळे फोटो काढतात ते अंड्याचे. गावातच सुमारे २० फूट उंच रंगवलेलं अंडं उभं आहे. ते नुसतं गंमत म्हणून बघू नका, नक्षी नीट बघा. झेक ईस्टर अंड्याला 'क्रास्लित्से' म्हणतात आणि त्याची एक पद्धत आपल्या ओळखीच्या बाटिकची सख्खी बहीण आहे. पेन्सिलीच्या टोकाला टाचणी खोचायची, टाचणीचं डोकं वितळलेल्या मेणात बुडवून कवचावर टेकवायचं आणि ओढायचं. मेण लगेच थिजतं, त्यामुळे रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होते, थेंबासारखी. मग अंडं रंगात बुडवायचं. मेणाखालचा भाग कोरा राहतो. त्या थेंबांची फुलं आणि चक्रं होतात. भल्यामोठ्या अंड्यावर असे आकार ओळखता आले की मग फोटो काढा. सकाळी ऊन कोवळं असतं, दुपारी रंगावर चकाकी येते.

खरी वेळ द्यायची ती दगडाला. विल्सनहून ल्यूकसला जाणारा राज्यमार्ग २३२ म्हणजे १८ मैलांचा पोस्ट रॉक सीनिक बायवे. इथल्या गवताळ प्रदेशात झाडं नव्हती, कुंपणाला लाकूड आणायचं कुठून? जमिनीखाली थोड्याच खोलीवर चुनखडीचा ८ ते १२ इंच जाडीचा एकसारखा थर होता. जाडी आयतीच मापाची, नुसती लांबी-रुंदी कापायची. वरची माती खरवडायची, एका रेषेत वीतभर अंतराने भोकं पाडायची, प्रत्येक भोकात दोन बाकदार लोखंडी पट्ट्या आणि मधोमध पाचर. पाचरी एकामागून एक थोड्या थोड्या ठोकायच्या, एकच जोरात ठोकली तर दगड वाकडा फुटतो. हिवाळ्यात काही जण भोकांत पाणी भरून ठेवत, बर्फ फुगला की दगड आपोआप उकलायचा. ताजा दगड मऊ असतो, उघड्यावर राहिला की टणक होतो. असा पाच-सहा फुटांचा खांब साधारण १६० ते १८० किलो भरतो.

रस्त्यालगत सुरक्षित जागा बघून थांबा आणि एक खांब जवळून बघा. कडेला अर्ध्या नळीसारख्या खाचा दिसतील. ती फुटलेल्या भोकांची अर्धी बाजू. गोरटेल्या दगडाच्या मध्यातून गंजाच्या रंगाचा पट्टा जातो, तो लोहाचा. गावातल्या इमारतींच्या भिंतींतही हाच पट्टा ओळखू येतो. तारेपलीकडे जाऊ नका, शेत खासगी असतं. संध्याकाळचं तिरपं ऊन पडल्यावर खांबांची रांग सुरेख दिसते, पण त्याच वेळी हरणं रस्त्यावर येतात. वेग कमी ठेवा.

वाटेत विल्सन तलाव लागतो, धरण १९६४ चं. राज्य उद्यानात गाडीला दिवसाचा परवाना लागतो. उन्हाळ्यात गवतात चाललात तर रात्री पायांवर गोचीड तपासा.

ल्यूकसचं आकर्षण म्हणजे 'गार्डन ऑफ ईडन'. अमेरिकी यादवी युद्धात लढलेल्या सॅम्युअल डिन्समूर यांनी १९०७ पासून हे घर आणि काँक्रीटचे पुतळे उभारले. घर लाकडी ओंडक्यांचं वाटतं, पण ओंडके चुनखडीचे. १९३२ मध्ये वारलेल्या डिन्समूर यांचं शव काचेच्या झाकणाखाली दिसतं; लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा. तास-दीड तास पुरे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस विल्सनला 'आफ्टर हार्वेस्ट' झेक महोत्सव भरतो. इथला गहू हिवाळी, जूनमध्ये कापला जातो, म्हणून हे नाव. मिरवणूक, पोल्का, पारंपरिक पोशाख सगळं असतं, आणि पारा ३८ अंशांवर जाऊ शकतो. राहण्याची सोय फार आधी करा, नाहीतर सलाइना किंवा हेजला मुक्काम.

शाकाहाऱ्यांनी जेवणाआधी विचारून घ्यायचं. सावरक्राउट, म्हणजे आंबवलेली कोबी, शहाजिरं घालून शिजवतात, पण अनेकदा डुकराच्या चरबीत किंवा बेकनबरोबर; शिवाय डम्पलिंगवर येणारा रस्सा मांसाचाच. आणि बेकरीतला बंद, गोल बन 'बीरॉक' असेल तर आत बीफ आणि कोबी. हा पदार्थ झेक नव्हे, शेजारच्या व्होल्गा जर्मन, म्हणजे रशियातल्या व्होल्गाकाठाहून आलेल्या जर्मनांच्या वस्त्यांचा. कोलाची, म्हणजे झेक गोड बन, मात्र ओळखायला सोपी: वरून उघडी, मधल्या खळग्यात जर्दाळू, प्रून (सुका आलुबुखार), चीज किंवा खसखस. पिठात चरबी आहे का, एवढं विचारून घ्या. खसखशीची सोडू नका. ती आपल्या अनारशावरच्या पांढऱ्या खसखशीसारखी नसते. निळसर काळी, दळून गोड शिजवलेली, आणि दातात अडकते.

कोलाची सकाळी घ्या, दुपारपर्यंत खसखशीची संपलेली असते. दुसऱ्या दिवशी ती कोरडी पडते. घरी न्यायची तर एकेक गुंडाळून त्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाका, आणि खाताना आधी बाहेर काढून ठेवा. थेट मायक्रोवेव्हमध्ये घातली तर कडा चामड्यासारख्या होतात आणि मधलं सारण जीभ भाजतं.