सागाच्या पानाच्या ठशाची मातीची थाळी: शिरा ग्लेझखाली (काचेसारख्या लेपाखाली) बुडू नयेत म्हणून

पावसाळ्यात पुण्याच्या टेकड्यांवरच्या सागाला पालवी भरते, आणि ठशासाठी हेच पान सगळ्यात भरवशाचं. पिंपळाच्या शिरा नाजूक, ठसा उथळ येतो. सागाच्या पानाच्या पाठीवर आडव्या उपशिरासुद्धा चांगल्या उठून असतात. पूर्ण वाढलेलं पान थाळीला फार मोठं होतं, म्हणून फांदीच्या टोकाचं, वीतभर लांबीचं कोवळं पान घ्यावं. मधली शीर मात्र जाड असते. ती ब्लेडने अर्धी तासली नाही तर लाटताना स्लॅब (मातीची लाटलेली पोळी) तिथेच पातळ होतो आणि वाळताना बरोबर त्याच रेषेत चीर जाते.

या बॅचची स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची) माती एकूण १२ टक्के आटते, म्हणजे २२ सेंमीच्या थाळीला २५ सेंमीचा स्लॅब कापायचा. जाडी ७ मिमी. दोन्ही बाजू रबरी पट्टीने दाबून घेतल्या की थाळी कमी वाकते. पान पाठीकडून मातीवर ठेवून मधून बाहेर लाटायचं, एकदाच. लाटणं परत फिरवलं की शिरा दुहेरी उमटतात. पान लगेच, देठाकडून सोलून काढायचं. तसंच राहू दिलं तर आटणाऱ्या मातीबरोबर ते आटत नाही आणि कडा फाटतात.

खरी कसोटी वाळवण्यात. उन्हाळ्यात कडा आधी सुकतात, म्हणून कडेला प्लास्टिकची पट्टी आणि मधला भाग उघडा. सध्याच्या दमट हवेत उलटं: पीओपीच्या पाटावर, दोन्ही बाजूंना वर्तमानपत्र, कागद रोज बदलायचा. थाळी गालाला लावून गार लागली तर आत पाणी आहे, भट्टीत घालू नये.

बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, १००० अंश सेल्सिअसला. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं (गारेचं) आकारमान एकदम बदलतं, तिथे चढताना-उतरताना घाई नको.

मग रेड आयर्न ऑक्साइड पाण्यात पातळ कालवून शिरांमध्ये भरायचं आणि ओल्या स्पंजने वरचं पुसायचं. पुसताना हात आखडला तर ऑक्साइडचा थर जाड राहतो आणि वरचं ग्लेझ आक्रसून मागे सरतं. वर पारदर्शक ग्लेझ, एकच पातळ डुबी. दुसऱ्या डुबीत बारीक उपशिरा बुजतात. भाजणी १२३० अंशांना.

सेलॅडॉन या लोहयुक्त ग्लेझचा निळसर हिरवा विजेच्या भट्टीत शोधू नये. त्याला ऑक्सिजन कमी पडलेली गॅसभट्टी लागते. विजेत तेच लोह मधाळ पिवळा रंग देतं, आणि सागाला तो शोभतोच. हिरव्यासाठी तांबं वापरलंच तर थाळी भिंतीवर टांगावी, जेवायला नाही: आंबट पदार्थात तांबं उतरू शकतं.

पुढची बॅच आपट्याची. पान छोटं नि चिवट, म्हणून स्लॅब ५ मिमीचा, आणि दोन पाळ्यांमधल्या खाचेत चीर जाऊ नये म्हणून तिथली माती बोटाने आधीच दाबून घ्यायची.