झामरकोटडा: दोन अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रकाठी

उदयपूरला लोक तळी आणि महाल बघायला जातात. मी गेले ती झामरकोटड्यासाठी. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांत रॉक फॉस्फेटची मोठी खाण आहे. सोबत भूगर्भशास्त्राचे सर होते, परवानगी त्यांनीच आधी काढून ठेवली होती.

खाली बसून पाहिलं. फिकट डोलोमाइटमध्ये, म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या खडकात, निळसर-करडे खांब एकमेकांना खेटून उभे, आणि प्रत्येक खांबात वर फुगलेले पातळ थर. हे स्ट्रोमॅटोलाइट. उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांनी ते थरावर थर चढवत उभे केले. नेमक्या वयावरून अजून वाद आहेत, पण काळ दोन अब्ज वर्षांच्या आसपासचा. मी कितीतरी वेळ त्या थरांवरून बोट फिरवत होते.

सर म्हणाले, "दिसतं ते अर्धंच. उरलेलं कार्बनमध्ये आहे." सूक्ष्मजीव हलका कार्बन-12 जास्त उचलतात. त्यांचे अवशेष गाळात गाडले गेले, की समुद्रात जड कार्बन-13 चं प्रमाण वाढतं आणि तेच चुनखडीत उतरतं. जितका कार्बन गाडला जातो, तितका ऑक्सिजन हवेत शिल्लक राहतो. जड कार्बनचं हे प्रमाण एका ठरलेल्या नमुन्यापेक्षा हजारी किती जास्त-कमी, असं मोजतात. आजच्या सागरी चुनखडीत हा आकडा शून्याच्या आसपास असतो; अरवलीच्या काही डोलोमाइटमध्ये तो +11 दर हजारीपर्यंत गेलेला आढळला. झिंबाब्वेतल्या लोमागुंडीच्या खडकांतही असेच चढे आकडे आहेत.

मला खरं नवल पुढचंच वाटलं. झामरकोटड्याच्या या देखण्या खांबांचा आकडा शून्याजवळच! चढे आकडे मिळतात ते फॉस्फेट नसलेल्या, एरवी कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशा डोलोमाइटमध्ये.

दुसऱ्या दिवशी राजसमंद. तिथल्या तलावाच्या नौचौकी पाळेवरचं कोरीवकाम पाहून आम्ही संगमरवराच्या खाणींकडे वळलो. उष्णतेने आणि दाबाने इथल्या खडकाचे स्फटिक नव्याने घडले, बारीक थर पुसले गेले. तरी खडक शुद्ध असेल तर कार्बनचं प्रमाण बहुतांशी टिकतं. मूळ गाळात वाळू मिसळलेली असेल तर मात्र तापताना कार्बन डायऑक्साइड निसटतो, जाताना जड कार्बन जास्त नेतो, आणि आकडा खाली येतो.

टाकाऊ ढिगातला एक तुकडा सरांनी भिंगाखाली धरला. पांढऱ्या दाण्यांत हिरवट सुया होत्या, ट्रेमोलाइटच्या; वाळू मिसळलेला डोलोमाइट तापला की हे खनिज तयार होतं. "हा नको," म्हणाले, आणि नुसत्या पांढऱ्या तुकड्यावर मार्करने नंबर घातला.