थॉम्पसनच्या वेलीवरची गुलाबी काडी

जानेवारीत नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात गुलाबी मण्यांची तक्रार नवी नाही. दिवसा ऊन, रात्री कडाका, निफाडचा पारा घसरला की थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षजातीच्या हिरव्या मण्यांवर लाली चढते. त्याला सगळे ‘पिंक बेरी’ म्हणतात. निर्यातीसाठी असा माल चालत नाही, म्हणून घडांना पेपर लावायचा खटाटोप. पण पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बागायतदारांनी, नानांनी, फोनवर जे सांगितलं, ते यात बसत नव्हतं. “ताई, अख्खी बाग हिरवी आहे. एकच काडी गुलाबी, अन् तिचे घड पण पेपरातले.”

थंडी काडी निवडून पडत नाही. मी नाशिकच्या एका खासगी प्रयोगशाळेत वनस्पतींचा डीएनए तपासते, बागेत जायची वेळ क्वचितच येते. त्या दिवशी सकाळीच निघाले.

मांडवाखाली नानांनी पेपर सोडला आणि मी बघतच राहिले. सगळे मणी एकसारखे गुलाबी, देठाजवळ, घडाच्या आत, जिथे ऊन पोचत नाही तिथेही. त्याच ओलांड्यावरच्या (वेलीच्या आडव्या फांदीवरच्या) शेजारच्या काडीचे घड मात्र नेहमीसारखे हिरवे. “कुठलं औषध लागलं का? की व्हायरस? कापून टाकू?” नानांचे प्रश्न एकामागून एक. मी म्हटलं, “नाना, हिला कात्री लावू नका.”

बागेतली सगळी थॉम्पसन काडीपासून काडी अशीच वाढलेली असते, म्हणजे प्रत्येक वेलीत तोच डीएनए. द्राक्षाच्या पेशीत गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात. त्यातल्या दुसऱ्या गुणसूत्रावर सालीच्या रंगाची सूत्रं हलवणारं एक जीन (जनुक) आहे, एमवायबीए१. काळ्या द्राक्षात मण्यांत पाणी उतरायला लागलं की या जीनवरून आरएनएची प्रत निघते, त्या प्रतीवरून प्रथिन बनतं, आणि ते प्रथिन रंगद्रव्याला साखर जोडणाऱ्या एन्झाइमचं जीन चालू करतं. साल रंगते.

हिरव्या द्राक्षातही हे जीन असतं. फक्त त्याच्या पुढ्यात, जिथून वाचन सुरू व्हायचं तिथेच, ग्रेट१ नावाचा सुमारे १०,४०० अक्षरांचा डीएनएचा तुकडा येऊन बसला आहे, वाड्याच्या दारात आडवा लावलेल्या ट्रॅक्टरसारखा. आरएनए निघतच नाही. हा तुकडा तिथे आला तोही आरएनएच्याच वाटेने: असे तुकडे आधी आपली आरएनए प्रत काढतात, त्या प्रतीवरून उलटा डीएनए बनवतात आणि तो गुणसूत्रात दुसरीकडे घुसवतात. डीएनएपासून आरएनए हीच एक दिशा शाळेत शिकलेल्यांना हे विचित्र वाटेल, पण द्राक्षाच्या गुणसूत्रांत असे तुकडे ढिगाने आहेत.

क्वचित काडीवरच्या एखाद्या डोळ्यात (अंकुरात), पेशी विभागताना, हा तुकडा निघून जातो. त्याची दोन्ही टोकं सारखीच असतात, ती एकमेकांशी जुळतात, मधला भाग गळतो आणि एक टोक मागे उरतं. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये हिरव्या द्राक्षापासून निघालेल्या लाल जातींत नेमकं हेच दाखवलं.

मी त्या काडीच्या बगलफुटीची (पानाच्या बगलेतून आलेल्या फुटव्याची) कोवळी पानं घेतली, शेजारच्या हिरव्या काडीचीही. तुलनेला प्रयोगशाळेत काबर्ने सोव्हिन्यॉन या काळ्या द्राक्षाचा डीएनए होताच. दुपारभर डीएनए काढला, पीसीआर लावला, म्हणजे जीनच्या पुढ्यातल्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढल्या. संध्याकाळी या प्रती लांबीप्रमाणे वेगळ्या करणारं जेल अतिनील प्रकाशात धरलं. हिरव्या काडीच्या रकान्यात काही नाही. एवढा लांब तुकडा मध्ये असताना माझ्या पीसीआरमध्ये पट्टी येणारच नव्हती. काबर्नेची पट्टी स्पष्ट. आणि गुलाबी काडीचीही स्पष्ट, पण थोडी वर, सुमारे ८०० अक्षरांनी लांब. मागे उरलेलं टोक तेवढंच असतं. एवढ्या वर्षांच्या कामात जेल बघून असा आनंद मला फार कमी वेळा झाला आहे.

नानांना फोन केला. “म्हणजे रोग नाही?” “नाही. रंगाचं जीन तुमच्या वेलीत आधीपासून होतं, आता ते वाचलं जातंय.” मला यात नानांचं श्रेय मोठं वाटतं. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन या सगळ्या थॉम्पसनमधूनच निघालेल्या जाती. बागेत कुणीतरी वेगळेपण ओळखलं आणि जपलं, म्हणून त्या आहेत. प्रयोगशाळा नंतर येते.

आता घाई एकाच गोष्टीची: एप्रिलच्या खरड छाटणीत मजुरांच्या हातून ही काडी बुडापासून जायला नको. तिचे बुडाचे डोळे राखायचे, त्यातून येणाऱ्या काड्या पक्व झाल्या की डॉगरिज या द्राक्षजातीच्या खुंटावर कलमं भरायची. डोळ्याच्या टोकाशी पेशींचे थर वेगवेगळे असतात. बदल एकाच थरात असेल तर काही कलमं पुन्हा हिरवी निघू शकतात. म्हणून घड तयार झाले की साल आणि गर यांचा डीएनए मी वेगवेगळा काढणार आहे, आणि प्रत्येक कलमाचं पान स्वतंत्र तपासणार आहे.